संप्रेरक दिलं, तरी क्युटिकलचं प्रथिन दिसेना? या चुका टाळा

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कीटकपेशींना कात टाकण्याचं संप्रेरक दिलं, तरी क्युटिकलचं (कीटकाच्या बाहेरच्या कवचाचं) प्रथिन मिळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष संप्रेरकाचा नसतो. ते वेळेवर काढून न घेण्याचा असतो. कीटक कात टाकताना २०-हायड्रॉक्सीएकडायसोन या संप्रेरकाची पातळी आधी चढते आणि मग उतरते. क्युटिकलच्या कित्येक जनुकांना हा उतारच हवा असतो. फळमाशीच्या इमॅजिनल डिस्कमधली (अळीच्या शरीरातल्या, पुढे प्रौढाचे अवयव बनणाऱ्या पेशीसमूहांमधली) ईडीजी-७८ आणि ईडीजी-८४ ही जनुकं संप्रेरक देऊन पुन्हा काढल्यावर जागी होतात, कारण ईडीजी-८४ला चालना देणारं बीटा-एफटीझेड-एफ१ हे प्रथिन पातळी खाली आल्यावरच बनतं. रेशीमकिड्याच्या पंखांच्या डिस्कमध्येही असंच घडतं. तेव्हा संप्रेरक दोन-तीन दिवस मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या द्रवात) ठेवून वाट पाहू नका. फळमाशीच्या डिस्कसाठी साधारण सहा तासांनी मीडियम काढा, नीट धुवा, ताजं घाला आणि तिथून पुढे टप्प्याटप्प्याने नमुने घ्या. दुसऱ्या पेशींसाठी ही वेळ स्वतः ठरवावी लागेल.

पेशी कुठल्या, हेही पाहा. एसएफ९ ही पेशीमालिका हाताशी असते म्हणून तीच वापरली जाते. पण ती अमेरिकन लष्करी अळीच्या कोषातल्या अंडाशयातून आली आहे. तिच्याकडून त्वचेच्या कामाची अपेक्षा का करायची? प्लोडिया पतंगाच्या पंखांच्या डिस्कपासून बनवलेली आयएएल-पीआयडी२ ही अधिक योग्य सुरुवात आहे.

संप्रेरक मागवताना नाव पूर्ण वाचा: नुसतं एकडायसोन हे पूर्वरूप आहे, त्याचा परिणाम बराच कमी. संप्रेरकाचं मूळ द्रावण (स्टॉक) इथेनॉलमध्ये केलं असेल, तर कंट्रोललाही (संप्रेरक न दिलेल्या, तुलनेच्या पेशींनाही) तेवढंच इथेनॉल द्या.

प्रथिन फक्त पेशींत शोधणं ही आणखी एक चूक. क्युटिकलची प्रथिनं पेशीबाहेर सोडली जातात, म्हणून मीडियमही तपासा. मात्र मीडियममध्ये घातलेल्या सीरममधला अल्ब्युमिन, प्रथिनं वेगळी करण्याचा जेल व्यापून टाकतो, त्यामुळे नमुन्याच्या काळापुरतं सीरमविरहित मीडियम बरं. यातली बरीच प्रथिनं लहान असतात. विरळ जेलमधून ती खाली निसटतात.

या संप्रेरकाने कित्येक पेशींची वाढ थांबते. म्हणून जेलवरच्या प्रथिनाच्या पट्ट्यांची (बँडची) तुलना फ्लास्कमागे नको, पेशीसंख्येमागे करा. आणि संप्रेरक सतत देत राहिलात तर त्याला न जुमानणाऱ्या पेशीच मागे उरतात. फळमाशीच्या केसी या पेशीमालिकेत हे स्पष्ट दिसतं. म्हणून सुरुवातीच्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये फार वेळा न हलवलेल्या) पेशी गोठवून ठेवा आणि प्रतिसाद मंदावला की त्याच पुन्हा वापरात आणा.