टेबल सॉवर पुश स्टिक वापरताना या चुका टाळा

टेबल सॉवर, म्हणजे टेबलाच्या खाचेतून वर आलेल्या फिरत्या गोल ब्लेडवर, कुणाचं बोट गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पुश स्टिक नव्हती का?" ही लाकूड ढकलायची काठी बऱ्याचदा असते. कधी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते, कधी चक्क हातात असते, पण ती नुसती मागून ढकलत असते. माल, म्हणजे कापायचं लाकूड, ब्लेडमधून नेताना जोर तीन बाजूंनी लागतो: पुढे, खाली टेबलावर आणि आडवा फेन्सला, म्हणजे ब्लेडला समांतर असलेल्या आधाराच्या पट्टीला. साध्या काठीने यातला पुढचा जोर तेवढा नीट देता येतो. बाकीचे दोन कोण देणार, हे कापायला सुरुवात करण्याआधी ठरलेलं हवं.

माल उलटा का येतो ते आधी बघू. दहा इंची ब्लेड मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर दात्यांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो. पुढच्या बाजूचे दाते खाली जातात, त्यामुळे ते माल टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र खालून वर येतात. माल फेन्सपासून जरा सुटून तिरका झाला आणि या मागच्या दात्यांना टेकला, की ते त्याला उचलून सरळ तुमच्या पोटाच्या दिशेने फेकतात. हा किकबॅक. हाताखालचा माल असा अचानक निघून गेला की दाब देणारा हात तोल जाऊन ब्लेडवर पडू शकतो. म्हणून किकबॅक टाळणं आणि बोटं वाचवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. उभं राहतानाही ब्लेडच्या रेषेत राहू नका, थोडं डावीकडे सरका.

हाताला येईल ती पट्टी काठी म्हणून वापरणं

काठी किमान दीड फूट लांब हवी. वीतभर तुकड्याने ढकललं तर हात ब्लेडच्या जवळच राहतो. गाठ असलेलं किंवा तिरक्या रेषांचं लाकूड ऐन वेळी मोडतं; 12 मिमी प्लाय त्यापेक्षा बरा. लोखंडी पट्टी तर नकोच, दाता लागला तर त्याच्या टोकावरच्या कार्बाइडचा, म्हणजे कठीण धातूचा, तुकडा उडतो. टोकाला पक्ष्याच्या उघड्या चोचीसारखी खाच हवी, म्हणजे काठी मालाच्या कडेवर बसते आणि सटकत नाही. शेवटचे 300 मिमी हाताने ढकलायचेच नाहीत, असा नियम ठेवा. त्यासाठी काठी फेन्सच्या उजवीकडे, न बघता हात जाईल अशा जागी हवी. अर्धी फळी कापून झाल्यावर काठी शोधायला मान वळली, की फेन्सवरचा जोर सुटलाच.

पट्टीचा शेवट वर उचलतो?

चोचीची काठी मालाच्या शेवटच्या कडेला लावून ढकलली की दाब सगळा मागच्या टोकावर येतो आणि ब्लेडच्या वरचा भाग मोकळा राहतो. पातळ पट्टी तिथेच थरथरते, वर येते. याला उत्तर म्हणजे बुटाच्या आकाराचा पुश ब्लॉक, आणि तो तासाभरात घरी होतो. 18 मिमी प्लायचा साधारण 300 मिमी लांब, 120 मिमी उंच तुकडा घ्या, वरून करवतीच्या मुठीसारखी पकड कापा. खालची कड सपाट ठेवून मागे टाच सोडा. टाच मालाच्या जाडीपेक्षा कमी उतरली पाहिजे: सहा मिमी पट्टीला तीन मिमी पुरे. टाच जास्त लांब झाली तर ती टेबलावर घासते आणि ब्लॉक मालावर टेकतच नाही. असा ब्लॉक पुढे ढकलतो आणि पूर्ण लांबीभर खाली दाबतो. ब्लेड त्याच्या तळाला चिरणारच, तो त्यासाठीच आहे. म्हणून जोड फेविकॉलने करा, खालच्या भागात स्क्रू किंवा खिळा नको.

जोर द्यायचा तो ब्लेड आणि फेन्स यांच्यामधल्या तुकड्यावर, आणि तो ब्लेडच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत. बाहेरच्या तुकड्याला ढकलत राहिलात तर आतला अडकतो आणि उडतो. बीडिंगसाठी दोन-तीन सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पट्ट्या काढायच्या असतील तर फेन्सकडे रुंद फळी ठेवा आणि पट्टी ब्लेडच्या बाहेरच्या बाजूला पडू द्या. दर वेळी फेन्स सरकवावा लागतो, काम हळू होतं. होऊ द्या.

फेदरबोर्ड लावला तरी माल अडकतो

जागा बघा. माल फेन्सला दाबणारा फेदरबोर्ड, म्हणजे कंगव्यासारख्या लवचिक दात्यांची फळी, ब्लेडच्या आधी हवा. तो ब्लेडच्या बाजूला किंवा पलीकडे गेला, तर कापलेली खाच दाबून बंद करतो आणि माल ब्लेडला चिमटा घेतो, म्हणजे किकबॅक तुम्हीच तयार केला. जागा बरोबर असूनही कडेला जळल्याचे काळे डाग येत असतील तर फेन्सची मागची बाजू ब्लेडकडे झुकली आहे का ते मोजा. ब्लेड बोथट झालं असेल किंवा दात्यांवर चीक जमला असेल, तरी डाग येतात. अशा वेळी जोर वाढवणं ही सगळ्यात वाईट दुरुस्ती.

राइव्हिंग नाइफ काढून ठेवणं

आरा ओढून ओंडका चिरणारे खाचेत पाचर मारत, कारण ताण असलेलं लाकूड चिरताच मिटतं. राइव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडच्या लगेच मागे उभी असलेली पातळ पट्टी, तेच काम करते. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि खाचेपेक्षा पातळ हवी. पातळ खाचेचं नवं ब्लेड लावल्यावर माल मध्येच अडत असेल, तर नाइफ जाड पडते आहे. जुळणारी जोडी वापरा. नाइफ उतरवून काम चालवणारे पुष्कळ आहेत, आणि हातात कितीही चांगला पुश ब्लॉक असला तरी मिटलेल्या खाचेपुढे त्याचं काही चालत नाही.

उलटा बसवलेला कटर

आपल्याकडच्या साइटवर खरं टेबल सॉ क्वचित दिसतं. प्लायला खाच पाडून चार इंची मार्बल कटर खालून उलटा आवळलेला असतो, गार्ड काढलेलं, नाइफ नाहीच. माझं मत विचाराल तर यावर पट्ट्या चिरू नयेत. तरी कुणी वापरणारच असेल तर मशीनवरचा बाण बघा: वरचे दाते तुमच्याकडे येणारे हवेत. उलट्या बाजूने माल घातला तर ब्लेड तो खेचून नेतं, सोबत हातही. दुसरा धोका बटणाचा. लॉक करून किंवा टेप लावून ठेवलेला स्विच लाइट गेल्यावर तसाच राहतो, आणि लाइट आली की ब्लेड आपोआप फिरू लागतं, तेव्हा बरोबर कुणीतरी भुसा झाडत असतं. लाइट गेल्यावर बंदच राहणारा स्विच वेगळा मिळतो, तो लावा.

मायटर गेज (आडवा काप घेताना माल धरून सरकवायची पट्टी) आणि फेन्स एकाच कापात वापरू नका; आडवा तुकडा दोन्हींमध्ये अडकून फिरतो. फेन्स नसताना मोकळ्या हाताने फळी चिरू नका. हातमोजे नकोत, मनगटावरचा दोरा आणि लोंबती बाही नको. ब्लेड मालाच्या वर इतकंच ठेवा की दात्यांमधली खाच दिसेल.

आणि कापून झाल्यावर ब्लेडशेजारचा बारका तुकडा बोटाने काढायला जाऊ नका. स्विच बंद केला तरी ब्लेड काही सेकंद फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग तुकडा उचला. काठीची चोच झिजून गोल झाली असेल तर ती भुशात टाका आणि नवी कापा.