विद्यापीठांच्या विदेशी भागीदारी-अनुदानाचा अर्ज करताना या चुका टाळा

दरवर्षी साधारण नोव्हेंबरात युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमाची नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध होते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर नुकत्याच उघडलेल्या बडोद्यातील महाविद्यालयांत एकाएकी धावपळ सुरू होते. या कार्यक्रमातील ‘उच्च शिक्षणातील क्षमताबांधणी’ ही योजना आपल्याकडच्या विद्यापीठांना युरोपातील विद्यापीठांबरोबर काम करण्यासाठी निधी देते. प्रकल्पाच्या प्रकारानुसार ही रक्कम दोन लाखांपासून दहा लाख युरोपर्यंत असते. आकडा ऐकला की पुष्कळांचे डोळे तिथेच अडकतात. वास्तविक हा पैसा इमारतीसाठी, प्रवासासाठी किंवा प्रयोगशाळा सजवण्यासाठी नसून संस्थेच्या कामकाजात टिकाऊ बदल घडवण्यासाठी असतो. अशा अर्जांचे मसुदे तपासण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे येत आहे, आणि त्याच त्या चुकांवर लाल शाई फिरवून आता कंटाळा आला आहे.

सर्वांत आधी एमओयूविषयी, म्हणजे सामंजस्य कराराविषयी. परदेशी पाहुणे आले, शाल-श्रीफळ झाले, कागदावर सह्या झाल्या, छायाचित्र वार्ताफलकावर लागले, म्हणजे भागीदारी झाली, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. सहकार्याची इच्छा व्यक्त करणारा कागद आणि कोणते काम कोण, कधी, किती रकमेत करणार हे ठरवणारा भागीदार-संघ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संघात परदेशी प्राध्यापकांचे नाव आहे, पण त्यांच्याशी शेवटचा पत्रव्यवहार दोन वर्षांपूर्वीचा आहे, असे अर्ज मी पाहिले आहेत. माझी सवय अशी की, अर्जाचा एकही शब्द लिहिण्यापूर्वी समोरच्या विद्यापीठाला एकच पान पाठवायचे: आमची अडचण ही, तुमच्याकडून हवे ते हे, आम्ही देऊ शकतो ते हे. त्या पानाला आठवडाभरात मुद्देसूद उत्तर आले नाही, तर त्या भागीदाराला मी प्रेमाने बाजूला ठेवतो.

संस्थेचे नाव नेमके कोणते?

ही चूक वरवर क्षुल्लक वाटते, म्हणून ती विस्ताराने सांगतो. युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर अर्ज करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नऊ अंकी पीआयसी, म्हणजे सहभागी संस्थेचा ओळख-क्रमांक, घ्यावा लागतो. तो ऑनलाइन काही मिनिटांत मिळतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते. ज्या प्राध्यापकाला उत्साह असतो तो आपल्या खाजगी ईमेलवरून संस्थेची नोंदणी करून मोकळा होतो. नोंदणी कोणाच्या नावाने करायची, हा प्रश्नच त्याला पडत नाही. आपल्याकडील बहुतेक संलग्न महाविद्यालये स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसतात. ती चालवणारा न्यास, म्हणजे गुजरातीत ज्याला केळवणी मंडळ म्हणतात ते, कायद्याच्या दृष्टीने संस्था असते.

शहरातल्याच एका जुन्या महाविद्यालयाचा प्रसंग आहे. संघाच्या वतीने अर्ज सादर करणाऱ्या युरोपातील समन्वयक विद्यापीठाने त्यांना संघात घेण्याचे मान्य केले होते आणि कामाची वाटणीही ठरली होती. अंतिम तारखेच्या आदल्या आठवड्यात समन्वयकांनी पीआयसी मागितला, तेव्हा महाविद्यालयाच्या नावाने दोन क्रमांक निघाले. एकात शहराचे नाव ‘बरोडा’ होते, दुसऱ्यात ‘वडोदरा’. एक नोंदणी महाविद्यालयाच्या नावाने होती, दुसरी न्यासाच्या. आणि न्यासाच्या नावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग पॅन कार्डावर एक, नोंदणी दाखल्यावर दुसरे आणि लेटरहेडवर तिसरे होते. पहिला क्रमांक घेणारे प्राध्यापक केव्हाच दुसऱ्या राज्यात गेले होते आणि पोर्टलवरचा ताबा अजून त्यांच्याच ईमेलकडे होता. प्राचार्य म्हणाले, “आत्ता कुठलाही एक टाकून द्या, मंजूर झाल्यावर बघू.” हे वाक्य ऐकले की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. मंजुरीच्या वेळी संस्थेच्या कायदेशीर अस्तित्वाची कागदपत्रे तपासली जातात आणि संस्थाप्रमुखाला आपला अधिकृत प्रतिनिधी रीतसर नेमावा लागतो. तिथे ‘बघू’ चालत नाही. समन्वयकांनी चार दिवस वाट पाहिली आणि ती जागा दुसऱ्या शहरातील एका विद्यापीठाला दिली. त्यात त्यांचा दोष काढता येत नाही.

उपाय अगदी कारकुनी आहे. न्यासाचा नोंदणी दाखला, पॅन आणि बँक खाते समोर ठेवून तिन्हींवर अक्षरन् अक्षर एकच नाव आहे का, हे पावसाळ्यातच तपासावे. पोर्टलच्या शोध-सुविधेत आपली संस्था आधीच नोंदली गेली आहे का, ते पाहावे आणि नवा क्रमांक घेण्याचा मोह आवरावा. खाते व्यक्तीच्या नव्हे, कार्यालयाच्या ईमेलवर असावे. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही, म्हणूनच ते कोणी करत नाही.

पैसा भारतात येणार कसा?

दुसरी चूक अधिक महागात पडते. अर्ज मंजूर होतो, पेढे वाटले जातात आणि मग हिशेबनीस विचारतात की आपल्याकडे एफसीआरए आहे का. विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० (एफसीआरए) नुसार न्यास, संस्था किंवा खाजगी विद्यापीठ यांना विदेशी अंशदान, म्हणजे परदेशातून येणारा निधी, स्वीकारण्यासाठी गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा त्या विशिष्ट रकमेपुरती पूर्वपरवानगी लागते. कायद्याने स्थापन झालेल्या, पूर्णपणे सरकारी मालकीच्या आणि कॅगकडून लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या संस्थांना सूट आहे. पण आपली संस्था त्या व्याख्येत बसते का, हे विद्यापीठाच्या लेखा विभागाकडून लेखी घ्यावे, चहाच्या टेबलावर विचारून नव्हे. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदान केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम जमा होऊ शकते. गावच्या शाखेचा आयएफएससी कोड अर्जात लिहून चालत नाही.

त्याच दुरुस्तीतील आणखी एक तरतूद बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मिळालेले विदेशी अंशदान दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीला किंवा संस्थेला हस्तांतरित करता येत नाही. युरोपीय समन्वयकांना हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सोयीसाठी सुचवतात की भारतातील चारही भागीदारांचे पैसे आम्ही एकालाच पाठवतो, त्याने पुढे वाटावेत. आपल्याकडचा मोठा भागीदार मोठेपणाच्या ओढीने होकार देतो. हा होकार प्रकल्पाचे सगळे अर्थनियोजन उलथवून टाकू शकतो. म्हणून अंदाजपत्रकाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच समन्वयकांना स्पष्ट कळवावे की प्रत्येक भारतीय भागीदाराचा वाटा थेट त्याच्याच खात्यात यायला हवा आणि ज्याच्याकडे परवानगी नाही त्याने निधी न घेणारा सहयोगी म्हणून राहावे.

याच्या जोडीला एक गोड गैरसमज आहे. या योजनेत निधी एकरकमी तत्त्वावर मिळतो; खर्चाची एकेक पावती ब्रुसेल्सला पाठवावी लागत नाही. यावरून हिशेब ठेवायचेच नाहीत, असा निष्कर्ष काढणारे महाभाग आहेत. तिकडे पावती मागत नसतील, पण ठरवलेले कार्यसंच, म्हणजे प्रकल्पातील कामांचे गट, पूर्ण झाल्याचा पुरावा मागतात आणि अपुऱ्या कार्यसंचाची रक्कम कापू शकतात. इकडे लेखापरीक्षक आणि गृह मंत्रालयाचे वार्षिक विवरणपत्र आहेच.

गरज म्हणजे गौरवगाथा नव्हे

बडोद्यातून येणाऱ्या मसुद्यांतील ‘गरज’ या भागाचा पहिला परिच्छेद मी डोळे मिटून सांगू शकतो. महाराजा सयाजीरावांची दूरदृष्टी, १९१३ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. आंबेडकर, १९४९ मध्ये स्थापन झालेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ. सगळे खरे, सगळे अभिमानास्पद, आणि इथे सगळे अनाठायी. परीक्षकाला तुमच्या संस्थेत आज काय अडले आहे, ते हवे असते. शंभर गुणांपैकी तीस प्रस्तुततेला, म्हणजे प्रकल्प खऱ्या गरजेला किती धरून आहे याला, आहेत, त्यात किमान पंधरा मिळाले नाहीत तर अर्ज तिथेच संपतो; एकूण साठ गुण गाठले तरी स्पर्धेत ते पुरतीलच असे नाही. ‘आमच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय अनुभवाची गरज आहे’ हे वाक्य जगातील कोणत्याही महाविद्यालयाला लागू पडते, म्हणून त्याला किंमत नाही. ‘आमच्या पर्यावरण अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात औद्योगिक सांडपाण्याच्या प्रत्यक्ष मोजमापाचा एकही घटक नाही, आणि नंदेसरीच्या रासायनिक वसाहतीतील कारखाने आमच्या पदवीधरांना ते काम पुन्हा शिकवतात’ असे लिहिले, तर परीक्षकाच्या हाती काहीतरी लागते. अर्थात असे लिहिण्यासाठी आधी नंदेसरीला जाऊन चार व्यवस्थापकांशी बोलावे लागते. तेवढी उन्हातान्हाची तयारी नसलेले उमेदवार चॅटबॉटकडून परिच्छेद लिहून घेतात, आणि मग एकाच हंगामात तीन महाविद्यालयांच्या मसुद्यांत शब्दशः तीच वाक्ये माझ्या टेबलावर येतात.

जुना अर्ज उचलून नवा करणाऱ्यांची फजिती निराळ्या प्रकारची असते. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन मंडळ आले, तरी ‘सिंडिकेटची मान्यता घेतली जाईल’ हे वाक्य अजून मसुद्यांत नांदते आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. नवा अभ्यासक्रम सहा महिन्यांत सुरू करण्याचे वचन देऊ नये. अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद यांच्या बैठका तुमच्या तक्त्यानुसार भरत नाहीत. संयुक्त पदवीचे आश्वासन देण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम वाचावेत; नॅक या मूल्यांकन संस्थेचे ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान यांसारख्या अटी त्यात आहेत. भारतीय भागीदाराचे काम फक्त प्रशिक्षणाला हजर राहणे एवढेच दाखवू नये, ते दयनीय दिसते. कार्यशाळा नवरात्रात ठेवू नये. बडोद्यात त्या नऊ रात्री गरब्याशिवाय दुसरे काही घडत नाही आणि हॉटेलही मिळत नाही. ऑगस्टमध्ये युरोपातून उत्तराची अपेक्षा करू नये. मंजुरीच्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्या सल्लागाराला दारातूनच परत पाठवावे.

अंतिम वेळ ब्रुसेल्सची असते, सायंकाळी पाच. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि ‘अजून साडेचार तास आहेत’ या भरवशावर कुलसचिवांची सही राहून जाते. पोर्टलवर अर्ज एकदा सादर केला तरी अंतिम वेळेपर्यंत सुधारून पुन्हा सादर करता येतो. त्यामुळे आठवडाभर आधी एक पूर्ण आवृत्ती सादर करायला मी समन्वयकांना भाग पाडतो. ती सुंदर नसली तरी चालते.

निकाल यायला काही महिने लागतात. अर्ज नामंजूर झाला तरी परीक्षकांचे शेरे असलेला मूल्यमापन अहवाल मिळतो, आणि तो समन्वयकांच्या खात्यात येत असल्यामुळे आपल्याकडे कोणी मागूनही घेत नाही. तो मागवावा, प्रत्येक शेऱ्यापुढे कोणत्या पानावरील कोणत्या वाक्यामुळे तो आला हे पेन्सिलीने लिहावे, आणि त्याची प्रत पुढच्या वर्षीच्या मसुद्याच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावी.