पायथनमध्ये फाइलचा पाथ जोडताना

फाइलचा पाथ, म्हणजे ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सांगणारा पत्ता, ही साधी स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) आहे असे समजून तिचे तुकडे बेरजेच्या चिन्हाने जोडण्याची सवय सोडलेली बरी. लिनक्स आणि मॅकओएसमध्ये दोन नावांच्या मध्ये स्लॅश (/) येतो, तर विंडोजमध्ये बॅकस्लॅश (\). शिवाय पायथनच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ असल्यामुळे, त्याच्या लगेच पुढे येणारे फोल्डरचे नाव लहान रोमन 'टी' किंवा 'एन'ने सुरू होत असेल, तर तेथे अनुक्रमे टॅब किंवा नवी ओळ तयार होते आणि फाइल सापडत नाही. रॉ स्ट्रिंगने, म्हणजे अवतरणचिन्हाआधी r लावून बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणाऱ्या स्ट्रिंगने, हे टळते. मात्र तिचा शेवट एकाच बॅकस्लॅशने करता येत नाही.

जुन्या कोडमध्ये ओएस.पाथ.जॉइन हे फंक्शन दिसते आणि ते आजही चालते. नव्या कोडसाठी मात्र पायथन ३.४ पासून उपलब्ध असलेले पाथलिब मोड्यूल निवडावे. त्यात पाथ('माहिती') / 'मासिक' / 'अहवाल' असे लिहिले की योग्य चिन्ह आपोआप येते, आणि पायथन ३.६ पासून असा ऑब्जेक्ट थेट ओपन फंक्शनला देता येतो. पहिल्या दोन तुकड्यांपैकी एक तरी पाथ ऑब्जेक्ट असला पाहिजे, कारण दोन स्ट्रिंगमध्ये स्लॅश घातल्यास टाइपएरर येतो.

खरा धोका वेगळाच आहे. '/माहिती' या पाथला '/अहवाल' जोडल्यास उत्तर '/माहिती/अहवाल' असे नव्हे, तर नुसते '/अहवाल' असे मिळते, कारण नंतरचा तुकडा स्लॅशने सुरू झाला की आधीचे सारे टाकून दिले जाते. एररही येत नाही. पाथलिब आणि ओएस.पाथ.जॉइन या दोघांचीही हीच रीत असल्यामुळे, वापरकर्त्याने दिलेले नाव जसेच्या तसे जोडू नये. त्यात 'एक फोल्डर वर जा' असा अर्थ असलेली दोन टिंबे (..) असतील तरीही पाथ ठरवून दिलेल्या फोल्डरबाहेर जाऊ शकतो. म्हणून मूळ फोल्डर आणि जोडलेला पाथ या दोन्हींवर रिझॉल्व्ह ही पूर्ण, खरा पाथ काढून देणारी मेथड चालवावी आणि दुसरा पहिल्याच्या आतच आहे ना, हे पायथन ३.९ मध्ये आलेल्या इझ_रिलेटिव्ह_टू या मेथडने तपासावे.

विंडोजचे पाथ लिनक्सवर बसून तपासायचे असल्यास प्युअरविंडोजपाथ हा क्लास वापरावा. तो डिस्कला हात लावत नाही आणि त्याच्या अ‍ॅझ_पोझिक्स या मेथडने बॅकस्लॅशच्या जागी स्लॅश असलेली स्ट्रिंग मिळते.