माशांचा टँक बंद केला, आता फिल्टर मीडियाचं काय करायचं?

आधी ठरवा, मीडिया (फिल्टरमधले स्पंज, सिरॅमिक रिंग वगैरे, ज्यांवर पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया वाढतात) जिवंत ठेवायचाय की नुसता जपून. लवकरच परत टँक लावणार असाल तर सिरॅमिक रिंग आणि स्पंज जाळीच्या पिशवीत भरून दुसऱ्या चालू टँकच्या फिल्टरमध्ये कोंबा, याच्यासारखं दुसरं काही नाही. दुसरा टँक नसेल तर बादलीत टँकचंच पाणी, एअर पंप चोवीस तास चालू आणि रोज चिमूटभर फिश फूड, ते सडून अमोनिया होतो आणि बॅक्टेरिया त्यावरच जगतात. नळाचं पाणी नको, क्लोरीनने मरतात.

सगळ्यात वाईट म्हणजे कॅनिस्टर (टँकबाहेरचा डब्यासारखा फिल्टर) पाण्यासकट बंद करून माळ्यावर टाकणं, आत ऑक्सिजन संपतो आणि नंतर झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा असा भपकारा येतो की घरचे छंदच बंद करायला लावतील. ते पाणी टँकमध्ये अजिबात जाऊ देऊ नका.

बरेच महिने लागणार नसेल तर बॅक्टेरियाचा नाद सोडा. रिंग, बायोबॉल (बॅक्टेरियासाठीचे प्लास्टिकचे गोळे), स्पंज खळखळून धुवा आणि कडक वाळवा, रिंगांच्या बारीक भोकांत ओल राहते म्हणून त्यांना दोन-चार दिवस जास्तच द्या, मग डब्यात. फिल्टर वूल (कचरा अडवणारा कापूस) आणि वापरलेला कार्बन सरळ टाकून द्या. मासे रोगाने मेले असतील तर स्पंजचाही मोह नको.

वाळलेला मीडिया परत लावला की सायकल (अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट संपवणारे बॅक्टेरिया वाढवणं) शून्यापासून, 4 ते 6 आठवडे सहज जातात, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही 0 दिसेपर्यंत मासे सोडू नका.