रंग सालीत, साल कचऱ्यात: फळं खाताना या चुका टाळा

फळाला रंग देणारं द्रव्य फळात नेमकं कुठे असतं आणि ते पाण्यात विरघळतं की तेला-तुपात, यावर ते किती अंगी लागणार हे ठरतं. घरोघरी चुका होतात त्या इथेच.

साल काढून टाकणं

काळी द्राक्षं आणि लाल सफरचंद यांचा रंग अँथोसायनिन या लाल-जांभळ्या रंगद्रव्याचा. तो मुख्यतः सालीत आणि तिच्या लगतच्या थरात असतो. सफरचंद सोललं की रंगही गेला आणि बराच चोथाही. फवारणीच्या भीतीने सोलत असाल, तर धुण्याची रीत बदला. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे, खाण्याचा सोडा विरघळवा. सफरचंद त्यात 12 ते 15 मिनिटं बुडवून ठेवा आणि मग नळाखाली चोळून धुवा. यात सालीवरचे औषधाचे अंश बरेच निघतात, आत मुरलेले मात्र राहतात. जांभळासारख्या नाजूक फळांना सोडा नको, साधं पाणी पुरे. अँथोसायनिनला आंबटपणा मानवतो. सोड्यात ते निळसर पडतं आणि लवकर नासतं.

द्राक्षं धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नका, ओलाव्याने बुरशी धरते. खायच्या वेळीच धुवा आणि मणी ओढून न काढता कात्रीने देठासकट कापा. देठ उपटला की तिथून पाणी आत शिरतं.

संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे धागेही निगुतीने काढून फेकले जातात. त्यांत पेक्टिन (विरघळणारा चोथा) आणि हेस्पेरिडिन (लिंबूवर्गीय फळांतलं एक वनस्पतिजन्य द्रव्य) असतं, तेव्हा ते राहू द्या. आणखी एक गैरसमज म्हणजे हिरवट सालीचं नागपुरी संत्रं कच्चंच असतं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या, फळाला थंड रात्री कमी मिळतात, म्हणून आतून पिकूनही त्याची साल हिरवी राहू शकते. हातात वजनदार लागतं का, ते पाहा.

पपई-आंबा कोरडा खाणं

यांचा पिवळा-केशरी रंग बीटा कॅरोटिनचा. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, पण ते शोषलं जायला स्निग्धांश लागतो. आमरसावर तुपाची धार सोडायची आपली जुनी रीत इथे अगदी चपखल बसते. पपई नुसती खाण्याऐवजी जेवणाबरोबर किंवा मूठभर शेंगदाण्यांबरोबर खा. कलिंगड आणि लाल गराचा पेरू यांतल्या लायकोपिन या लाल रंगद्रव्याचंही तसंच.

रस गाळून पिणं

एका पेल्याला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा गाळणीत राहतो. चावून तीन संत्री संपवायला वेळ लागतो, पोट भरतं. रस मात्र दोन मिनिटांत संपतो आणि साखर झपाट्याने रक्तात जाते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मर्यादेत ठेवायच्या साखरेत धरते, अख्ख्या फळातली नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शनात दिवसाला 100 ग्रॅम ताजी फळं सुचवली आहेत. क जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषांना 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅम. 100 ग्रॅम पेरूत ती सहज भागते, त्यासाठी महागड्या किवीच्या मागे लागायची गरज नाही.

मिक्सरमध्ये द्राक्षं किंवा बेरीबरोबर केळं घालणंही टाळा. केळ्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर त्यांतल्या फ्लॅव्हनॉल या उपयुक्त वनस्पतिजन्य द्रव्याचा बराच भाग निकामी करतं. केळं वेगळं खावं.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

लाल गराचं ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर लघवी किंवा शौच गुलाबी झालं, तर बहुधा तो फळाचाच रंग असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. फळ न खाताही रंग राहिला तर डॉक्टरांना दाखवा. रोज भरपूर पपई खाऊन तळहात पिवळे पडले, तर डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. तो पांढराच असेल तर ही कॅरोटिनची करामत, पपई कमी करा. डोळेही पिवळे असतील तर काविळीची तपासणी लगेच करा.

ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाच्या जातकुळीतलं आंबट-कडू फळ, कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम धोकादायकरीत्या वाढवतं. अशा गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर कमरख, म्हणजे पाच धारांचं चांदणीसारखं आंबट फळ, एक फोडसुद्धा खाऊ नका. त्यातलं विषारी द्रव्य आजारी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी, उलट्या, बडबड किंवा झटके सुरू झाले, तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्या आणि कमरख खाल्ल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.