घुबडाच्या पेलेटवरून अन्नसाखळी कशी ओळखायची

'गवत, हरीण, वाघ' ही साखळी नववीतली पोरं घडाघडा म्हणतात, पण त्यातलं काहीच मी वर्गात आणून दाखवू शकत नाही. घुबडाची पेलेट मात्र आणता येते. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळतं, मांस पचवतं आणि केस-हाडं गोळी करून तोंडावाटे टाकून देतं; ती गोळी म्हणजेच पेलेट. ससाण्या-घारींच्या पेलेटमध्ये हाडं फारशी उरत नाहीत, त्यांच्या पोटातलं आम्ल जास्त जहाल असतं. म्हणून आपल्याला घुबडाचीच हवी.

आमच्या सोलापूर भागात गव्हाणी घुबडं पडक्या वाड्यांत, जुन्या देवळांच्या शिखरांत, विहिरींच्या कपारींत राहतात. भिंतीवर पांढरे ओघळ दिसले की खाली शोधा. अंगठ्याएवढी किंवा जरा मोठी, काळपट गोळी. ताजी असेल तर वार्निश फासल्यासारखी चकाकते. दुपारी जा, आवाज करू नका. आतून पिल्लांचा फूत्कार ऐकू आला तर तसेच मागे फिरा.

हातमोजे आणि मास्क घालूनच उचला. फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये १६० अंशांवर ४० मिनिटं ठेवा. उंदरांचे रोगजंतू मरतात. ओव्हन प्रयोगशाळेचा, घरचा नको. मग बशीत कोमट पाण्यात भिजवून दोन सुयांनी केस हलकेच सोडवायचे. घाई केली की कवटी फुटते.

आता दात बघा, सगळी मजा तिथेच आहे. पुढे पटाशीचे लांब, पिवळट-नारिंगी दात, मग मोकळी जागा आणि मागे दाढा असं असेल तर तो उंदीर. मोकळी जागा नाही, टोकदार पांढऱ्या दातांची सलग रांग आहे, तर ती चिचुंद्री. उंदीर मुख्यतः धान्यावर जगतो, चिचुंद्री किड्यांवर. म्हणजे एकाच घुबडाच्या पोटात ऊर्जा दोन वाटांनी आली: ज्वारी, उंदीर, घुबड, किंवा ज्वारी, नाकतोडा, चिचुंद्री, घुबड.

फळ्यावर हिशेब मांडा. ज्वारीच्या ताटांनी उन्हातून साठवलेली ऊर्जा १०,००० एकक धरा. दर टप्प्याला दहावा हिस्सा पुढे जातो असं मानलं, तर उंदरात १,००० आणि घुबडात १००. चिचुंद्रीच्या वाटेने मात्र घुबडापर्यंत १०च पोचतात. बाकीची जाते कुठे? काही खाल्लंच जात नाही, काही लेंड्यांतून बाहेर पडते आणि बरीचशी धावण्यात, श्वासात, अंग गरम ठेवण्यात उष्णता होऊन उडून जाते. अंगात मुरली तेवढीच पुढच्याच्या तोंडी लागते.

हा 'दहा टक्के' नियम ढोबळ आहे, हे मुलांना जरूर सांगा. रेमंड लिंडमन या परिसंस्थेच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका तळ्याचा असा हिशेब मांडला, तेव्हा टप्प्याटप्प्याला आकडे वेगवेगळेच आले होते. त्याचा लेख १९४२ मध्ये छापून आला, पण त्याच्या काही महिने आधीच तो ऐन विशीत वारला होता. उंदीर-घुबडासारखे गरम रक्ताचे प्राणी तर दहा टक्क्यांच्या बरेच खाली राहतात. खाल्लेल्यातलं बहुतेक शेकोटीलाच जातं. नाकतोडा त्या मानाने काटकसरी. फळ्यावरचा हिशेब वाटा ताडून बघण्यापुरता, मोजमाप म्हणून वहीत उतरवू नका.

एखादी पेलेट न भाजता, न भिजवता जाळी लावलेल्या बरणीत ठेवा. घुबडाला न पचलेले केस खाणाऱ्या कसरीच्या अळ्या त्यात बऱ्याचदा सापडतात, म्हणजे टाकून दिलेल्यावरही कोणीतरी जगतंय. फक्त ती बरणी घोंगड्या ठेवलेल्या कपाटाजवळ नको. त्याच अळ्या लोकरही तितक्याच आवडीने खातात.