तोरणमाळचा आरंभीचा इतिहास कसा नोंदवावा

थंड हवेच्या ठिकाणाचा इतिहास बहुधा रस्ता आणि विश्रामगृह कधी झाले येथून सुरू केला जातो. तोरणमाळसाठी ही सुरुवात अपुरी आहे, कारण सातपुड्याच्या या पठारावर भिल्ल आणि पावरा समाजांची वस्ती व गोरखनाथाची यात्रा पर्यटकांच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

कागद कोणत्या नावाखाली सापडतील, हे आधी ठरवावे. तोरणमाळ आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा नवा आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला; त्यामुळे केवळ नंदुरबारच्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती जुने फारसे काही लागत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा) खानदेशावरील १२ वा खंड (१८८०) प्रथम वाचावा, त्यानंतर १९७४ चा धुळे जिल्हा गॅझेटियर पाहावा. मराठी कागदपत्रांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करावी.

गॅझेटियर राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिलेला असल्याने तेथील माणसांची स्वतःची आठवण त्यात शोधू नये. ती ऐकण्यासाठी पावरी किंवा भिली बोलणारा सोबती घेऊन पठारावर जावे. माझ्या मते या कामाचा खरा गाभा हाच आहे. वृद्धांना सन विचारू नये. गुला महाराजांची आरतीची चळवळ (१९३० च्या दशकातील भिल्लांमधील सुधारणा चळवळ) किंवा बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधीचे की नंतरचे, असे विचारले तर काळाचा अंदाज बांधता येतो. सातपायरी घाटातून गाडी जाऊ लागण्यापूर्वी शहाद्याच्या बाजारापर्यंत कोणत्या वाटेने उतरत, यशवंत तलावाला घरात काय म्हणत, सीताखाई या दरीविषयी आजीने काय सांगितले होते, असे नेमके प्रश्न करावेत आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी आधीच घ्यावी. महाशिवरात्रीच्या यात्रेत निवांत बोलणे होत नाही. परंतु यात्रेकरू कोणत्या पायवाटांनी चढून येतात हे तेव्हाच दिसते, म्हणून त्या वाटा नकाशावर टिपून घ्याव्यात.

कागद आणि आठवण यांचा मेळ बसला नाही, तर दोन्ही शेजारी शेजारी द्यावेत आणि प्रत्येकापुढे ते कोणाकडून आले हे लिहावे. छापण्यापूर्वी संपूर्ण मसुदा, ज्यांनी माहिती दिली त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा व त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्यात घ्याव्यात.